डावा बहिरा झाला जी

"डावा बहिरा झाला जी," काकाजी गाडीतून उतरता उतरता म्हणाले.

"बहिरा नाही काकाजी, मुका म्हणा," मी म्हटलं. "स्पीकर बोलते. बोलायचा बंद झाला तं मुका. बहिरा कायले होईल?"

शेजारच्या पंक्चरवाल्यापासून आमच्या सेठजींपर्यंत सगळे हसले. काकाजीही हसले. मी जॉबकार्ड पुढे ओढलं आणि तक्रारीच्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं: लेफ्ट स्पीकर डेड.

जॉबकार्ड म्हणजे गाडी दुकानात आली की भरायचा कागद. गाडीचा नंबर, मालकाचं नाव, तक्रार काय, आम्ही काय केलं. मिस्त्री पुढचं सगळं काम त्या तक्रारीच्या ओळीवरून करतो. त्या दिवशी मी ती ओळ माझ्या भाषेत लिहिली. काकाजींनी सांगितलेला शब्द खोडला नाही, कारण तो मी लिहिलाच नव्हता.

हे साधारण दोन हजार चार-पाचच्या सुमाराचं. गोंदियात बालाघाट रोडला आमचं कार डेकोरचं दुकान होतं. दुकान सेठजींचं, मी तिथली ऑडिओ मिस्त्री. आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केलेली मी वर्गात एकटी मुलगी होते. दुकानात गिऱ्हाईक यायचं, माझ्या हातात सोल्डरिंग गन दिसायची, तरी विचारायचं, "मिस्त्री कहाँ है?" मी म्हणायची, "सामने खड़ी है." मग ते सेठजींकडे बघायचे. सेठजी मान हलवायचे, तेव्हा कुठे चावी माझ्या हातात यायची. पाच-सात वर्षं हे रोज सोसल्यावर माझा स्वभाव थोडा तिरसट झाला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या गोष्टीत त्या तिरसटपणाचा वाटा मोठा आहे.

काकाजी गोंदियाजवळच्या कामठा गावचे. रहांगडाले काकाजी. पोवार समाजातले जुने शेतकरी, ओलिताखालची धानाची जमीन, घरी दोन ट्रॅक्टर. वय साठीच्या आसपास. पांढरा सदरा-पायजमा, खांद्यावर दुपट्टा. आणि अशा माणसाकडे लाल रंगाची, दोनच दारांची, दोनच सीटची, कापडी छत मागे सारता येणारी स्पोर्ट्स कार होती. नागपूरच्या एका हौशी माणसाकडून त्यांनी जुनी घेतलेली. गाडी इतकी बुटकी की कामठ्याच्या रस्त्यावर तिचं पोट घासायचं. गावात तिला बेडकी म्हणायचे. काकाजींना कोणी चिडवलं तर म्हणायचे, "लग्नात घोड्यावर बसू दिलं नाही बापानं. आता बसून राहिलो."

पण ती गाडी त्यांनी मिरवायला घेतली नव्हती, हे मला नंतर कळलं. काकाजी पेटी वाजवायचे. हार्मोनियम. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, आणि मंडईत दंडार होते. नाचणारे, गाणारे, ढोलकीवाला, पेटीवाला. कामठ्याच्या दंडारीत तीस वर्षं पेटीवर काकाजी. त्यांना नोटेशन वगैरे काही येत नव्हतं. सगळं कानानं. नवी चाल बसवायची असली की गाडीतल्या डेकमध्ये सीडी लावायची, गाडी शेताच्या बांधाला उभी करायची, काचा वर, आणि तीच ओळ वीस वेळा ऐकायची. घरात नातवंडं, टीव्ही, येणारे-जाणारे. ती गाडी म्हणजे त्यांची एकांताची खोली होती.

"केव्हापासून झालं?" मी विचारलं.

"दसऱ्यापासून. सकाळी गाडीची पूजा केली, हार घातला, डेक लावला, तं डावा बहिरा. पेटीच आयकू येत नाही. तबला येते खणखणीत."

दसऱ्याला तीन दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी माणूस माझ्या स्टुलावर येऊन बसला होता. हा हिशेब मी नंतर किती वेळा मांडला, सांगता येणार नाही.

आता थोडं समजावून सांगते. स्टीरिओ म्हणजे एकाच गाण्याचे दोन आवाज. एक डाव्या स्पीकरला जातो, एक उजव्या. रेकॉर्ड करताना काही वाद्यं डावीकडे ठेवतात, काही उजवीकडे. काकाजींच्या त्या सीडीत पेटी डावीकडे होती आणि तबला उजवीकडे. म्हणून डावा गेला की पेटी जाणार, हे अगदी सरळ होतं. मी डाव्या दाराचं पॅड उघडलं.

आत पाहते तर स्पीकरची वाट लागलेली. स्पीकरला कागदाचा कोन असतो आणि त्याच्याभोवती फोमची मऊ कड असते. कोन हलला की आवाज निघतो. इथे फोम बोट लावताच पिठासारखा गळत होता. आवाज वाढवला की फरफर व्हायची. गाडी जुनी, नागपूरवाल्यानं पावसात उघडी ठेवलेली, दारात पाणी उतरलेलं. कारण समोर होतं. असा मुद्देमालासकट चोर सापडला की कोणताही मिस्त्री दुसरा चोर शोधत नाही. मीही शोधला नाही.

नवीन स्पीकर बसवला. बसवताना मी डाव्या सीटवर वाकून होते आणि काकाजी ड्रायव्हरच्या सीटवर.

"काकाजी, आवाज वाढवा," मी म्हटलं.

काही नाही.

"काकाजी, व्हॉल्यूम."

समोर बघत बसले. तिसऱ्यांदा म्हटलं, तरी नाही. तेवढ्यात सेठजी त्यांच्या खिडकीपाशी येऊन हळूच म्हणाले, "काकाजी, चाय लेंगे?" आणि ते पटकन वळून म्हणाले, "हौ, चालते ना."

माझं डोकं फिरलं. सेठजींचं लगेच ऐकू येतं आणि बाईनं सांगितलं की पाटलाचा ताठा आडवा येतो. मी दातओठ खात हात लांब केला आणि आवाज स्वतःच वाढवला. सेठजी उजवीकडून बोलले होते आणि मी डावीकडून, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. जे रोज सोसत होते तेच मला तिथेही दिसलं.

नवा स्पीकर छान वाजला. मी दोन्ही सीटवर बसून ऐकलं. पेटी डावीकडून स्वच्छ.

काकाजींनी ऐकलं. डोळे मिटून. मग म्हणाले, "नाही जी. पेटी लांब हाय. शेजारच्या घरात कोनी वाजवून राहिलं असं."

"आता तर नवा टाकला."

"अन् सूं सूं येते."

"इंजिन चालू असताना का बंद असताना?"

"बंद असलं तरी येते."

इंजिनमुळे येणारी घरघर वेगळी असते, ती आम्हाला ओळखू येते. बंद गाडीत सूं सूं म्हणजे डेकचा दोष. मी कान कोनाला टेकवून ऐकलं. काहीही नव्हतं. मग शंका आली अर्थिंगची. इतर गाड्यांची बॉडी पत्र्याची असते, त्यामुळे करंट परत जायला बॉडीच वायरचं काम करते. या गाडीची बॉडी फायबरची. तिच्यात परतीची वायर वेगळी ओढावी लागते, आणि ती कुठे सैल झाली की चित्रविचित्र आवाज येतात. मी ती वायरही तपासली, टोकं घासून घट्ट केली. दोन्ही स्पीकरचं प्लस-मायनस पाहिलं, कारण एकाचं उलटं लागलं तर आवाज पोकळ होतो. सगळं बरोबर होतं.

काकाजी म्हणाले, "लांबच हाय जी."

सेठजींनी मला आत बोलावलं. "कितना टाइम लगाएगी एक स्पीकर को?"

"सेठजी, त्यांचं समाधान होत नाही."

"तो बॅलन्स घुमा दे ना. लेफ्ट को दो पॉइंट जादा. खुश होके जाएगा."

बॅलन्स म्हणजे डेकवरची अशी सोय, की डाव्या-उजव्यापैकी एका बाजूचा आवाज चढवता येतो आणि दुसरीकडचा उतरवता येतो. खोड न शोधता खोड झाकायचा हा सगळ्यात सोपा मार्ग. मला तो मुळीच आवडायचा नाही. नवीन आले होते तेव्हा मी त्यावरून सेठजींशी भांडलेही होते. पण त्या दिवशी काकाजींवरचा राग मनात होता. मी बॅलन्स दोन नाही, चार घरं डावीकडे सरकवला.

"आता?"

काकाजींनी ऐकलं. चेहरा उजळला. "हं. आता आली पेटी. बरं झालं बाई. मंडई येऊन राहिली, मले दोन चाली बसवाच्या हायेत."

आमच्याकडे मोठी माणसं लेकीच्या वयाच्या मुलीला बाई म्हणतात. मायेनं म्हणतात. मला मात्र त्यात मिस्त्री न म्हणण्याचा कमीपणाच ऐकू आला.

जॉबकार्डावर लिहिलं: स्पीकर चेंज्ड, ओके. आणि सही केली.

दहा दिवस गेले. दिवाळी आठवड्यावर आली होती, दुकानात गाड्यांची रांग होती. सकाळी अकराच्या सुमारास बेडकी येऊन उभी राहिली. छत उघडं, काकाजी आत, चेहरा उतरलेला.

"पुन्हा बहिरा झाला जी. पहिल्यापेक्षा जास्त."

मी बॅलन्स पाहिला. त्यांनी स्वतःच तो डावीकडे शेवटपर्यंत नेला होता. उजवा स्पीकर जवळजवळ बंद होता. मी डाव्या सीटवर बसले तर कान फाटेल असा आवाज. आणि हा माणूस म्हणतो ऐकू येत नाही.

सेठजी गल्ल्यावरून ओरडले, "क्या हुआ? नया स्पीकर भी गया?"

मला राग आला, पण या वेळी तो कामाचा राग होता. माझं काम परत आलं होतं. आयटीआयमध्ये आमचे सर म्हणायचे, दोष सापडत नसेल तर अंदाज बांधू नका, अदलाबदल करा. याला आम्ही स्वॅप टेस्ट म्हणतो. दोन सारख्या वस्तूंपैकी एक बिघडलीय असं वाटत असेल तर त्यांच्या जागा बदलायच्या. दोष वस्तूबरोबर दुसऱ्या जागी गेला तर वस्तू खराब. दोष जागेवरच राहिला तर वस्तू चांगली, खराबी मागे कुठेतरी आहे. मग एक पायरी मागे जायचं आणि पुन्हा अदलाबदल करायची.

मी बॅलन्स बरोबर मध्यावर आणला. डाव्या दाराचा स्पीकर उजवीकडे लावला, उजवीकडचा डावीकडे.

उजव्या खिडकीपाशी येऊन विचारलं, "आता कोणता?"

"डावाच."

म्हणजे स्पीकर चांगले. मग डेकच्या मागच्या वायरी बदलल्या. डावीकडचं गाणं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. आता पेटी उजव्या दारातून यायला हवी होती.

काकाजी म्हणाले, "पेटी आली! पन तबला गेला. डावाच बहिरा हाय."

म्हणजे डेकही चांगला. उरली दाराकडे जाणारी वायर. ती दाराच्या बिजागरीपाशी सारखी वाकते, आतून तुटते, वरून कळत नाही. मी नवीन वायर घेतली, डेकपासून सरळ सीटवरून नेऊन डाव्या स्पीकरला जोडली. जुनी वायर पूर्ण बाद.

"आता?"

"डावाच जी."

आता गाडीत बदलायला काही उरलं नव्हतं. स्पीकर बदलला, डेकची बाजू बदलली, वायर बदलली. आणि मला स्वतःला दोन्ही बाजू सारख्या ऐकू येत होत्या. या वेळी मी डाव्या सीटवरूनच वैतागून बोलले, "काकाजी, मला तर बरोबर ऐकू येते. तुम्हालेच काऊन येत नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. शांतपणे समोर बघत होते. आणि मला त्या क्षणी, राग यायच्या ऐवजी, तो चहा आठवला. सेठजी उजव्या खिडकीपाशी आले होते. हळू बोलले होते.

सगळं बदलून झालं होतं. फक्त ऐकणारा माणूस बदललेला नव्हता.

मी गाडीला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेले. "काकाजी, एक काम करा. सीटवर गुडघे टेका आणि मागे तोंड करून बसा."

"मागे? कायले?"

"पाहाचं हाय मले."

छत उघडं होतं म्हणून जमलं. काकाजींनी चपला काढल्या, सीटवर गुडघे टेकले, पाठटेकणीला हात धरले आणि मागे तोंड केलं. भर रस्त्यावर, पांढऱ्या सदऱ्यातला कामठ्याचा मोठा शेतकरी लाल गाडीत उलटा बसलेला. पंक्चरवाला हसला. सेठजी बाहेर आले, "ये क्या तमाशा है?" मी हातानंच थांबवलं आणि डेक सुरू केला.

काकाजींनी डोळे मिटले. थोडा वेळ ऐकलं. मग हळूहळू त्यांचा हात वर आला आणि त्यांनी उजव्या दाराकडे बोट दाखवलं. आता ते दार त्यांच्या डाव्या हाताला होतं.

"आता हा बहिरा झाला जी," ते म्हणाले.

दोष माणसाबरोबर फिरला होता. मी डेक बंद केला.

त्यांना लगेच कळलं नाही. किंवा कळलं असेल आणि डोळे उघडायचे नसतील. मी त्यांच्या डाव्या कानापाशी गेले आणि दोन बोटं एकमेकांवर घासली. नुसता खसखस आवाज. त्यांनी काही केलं नाही. उजव्या कानापाशी घासली. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. तसं पाहणं मी पुन्हा कोणाचं पाहिलेलं नाही.

"स्पीकर चांगला आहे, काकाजी," मी म्हटलं.

मी सेठजींना म्हटलं, "मैं इनको कान के डॉक्टर के पास ले जा रही हूँ."

"अरे, तीन गाड़ी खड़ी है. वो अपना काम है क्या?"

"दस दिन पहले बॅलन्स घुमाया वो अपना काम था ना?"

सेठजी वाईट माणूस नव्हते. त्यांनीच रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली.

डॉक्टरांचा दवाखाना स्टेशनच्या त्या बाजूला होता. त्यांनी कानात बॅटरी मारून पाहिलं, मळ नव्हता, पडदा ठीक होता. मग ड्रॉवरमधून दोन दांड्यांचा स्टीलचा चिमटा काढला, स्वतःच्या कोपरावर आपटला आणि तो घुमू लागताच त्याचं बूड काकाजींच्या कपाळाच्या मध्यभागी टेकवलं. "कुठे ऐकू येतं?" काकाजींनी उजवा कान दाखवला. मग तोच चिमटा कानासमोर, मग कानामागच्या हाडावर, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मी दाराशी उभी राहून बघत होते. ते माझंच काम करत होते. जागा बदलून दोष शोधत होते. फक्त त्यांनी ते पहिल्याच मिनिटाला केलं.

"आत गडबड आहे. कानाच्या नसेत," डॉक्टर म्हणाले. "असं अचानक होतं कधी कधी. झोपेतून उठतो माणूस आणि एक कान बंद. आत सूं सूं होतं?"

"होते."

"कधीपासून आहे हे?"

"दसऱ्यापासून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि इतके दिवस काय करत होता?"

काकाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. सरळ डॉक्टरांना म्हणाले, "गाडी दुरुस्त करून राहिलो होतो."

डॉक्टरांना वाटलं म्हातारा विनोद करतोय. त्यांनी मला समजावलं की या दुखण्यात सुरुवातीचे दिवसच मोलाचे असतात. गोळ्या तेव्हा सुरू झाल्या तर कान परत येण्याची आशा जास्त. जितका उशीर तितकी आशा कमी. आता गोळ्या देतो, नागपूरला कानाचा आलेख काढून घ्या, बघू. मी मान हलवत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे जॉबकार्ड होतं. लेफ्ट स्पीकर डेड. स्पीकर चेंज्ड, ओके. खाली माझी सही.

परतताना रिक्षात मी मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला बसले. मी म्हटलं, "काकाजी, माझं चुकलं. तुम्ही पहिल्याच दिवशी बहिरा म्हटलं होतं. मी हसले."

"तू एकटी नाही हसली. मी बी हसलो." ते रस्त्याकडे बघत होते. "खरं सांगू बाई? घरी बी तसंच होऊन राहिलं होतं. काकी डावीकडून हाक मारे तं मले समजे नाही. फॅनचा आवाज एकाच बाजूनं ये. मी कोनाले सांगतलं नाही. कान गेला तं पेटी गेली. गाडी तं दुरुस्त होते. म्हनून गाडी आनली."

मला रडू आलं. मी दुसरीकडे तोंड केलं नाही. काकाजींनी दुपट्ट्याचं टोक माझ्यापुढे केलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले.

गोळ्यांनी थोडा फरक पडला. पंधरा दिवसांत डाव्या कानाला माणसाचं बोलणं कळायला लागलं. पण ते बोलणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं होतं. सूर त्याहून वाईट झाला. हे मला मंडईत कळलं.

भाऊबीज झाल्यावर कामठ्याची मंडई भरली तेव्हा मी आईला घेऊन गेले. दंडार दिवसाउजेडीच होती. काकाजी पेटीवर होते. त्यांच्या डाव्या कानात कापसाचा बोळा होता. गाणारा नेहमी त्यांच्या डावीकडे उभा राहायचा म्हणे, त्या वर्षी त्याला उजवीकडे उभं केलं होतं. ढोलकीवाला मात्र डावीकडेच राहिला होता. मध्येच ढोलकीवाल्यानं लय बदलली, काकाजींना ती उशिरा कळली, आणि त्यांची बोटं पेटीवर थांबली. दोन-तीन मात्रांचाच खेळ. नाचणारे नाचत राहिले, लोकांच्या लक्षातही आलं नाही. पण काकाजींच्या आलं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

दंडार संपल्यावर मी पाया पडायला गेले. उजवीकडून.

"कापूस कशाला काकाजी?"

त्यांनी पेटीचा एक सूर दाबला. "हा सा. उजव्या कानाले सा आयकू येते. डाव्या कानाले याच्यापेक्षा खाली येते. एकच सूर, पन दोन कानांत दोन. कोनता धरू?" त्यांनी बोट उचललं. "म्हनून डावा बंद करतो. येत्या वर्षी पुतण्या बसेल पेटीवर. त्याचा कान चांगला हाय."

तीस वर्षांची गोष्ट त्यांनी एवढ्या शब्दांत सांगितली आणि पेटीचा भाता बांधायला घेतला.

पहिल्या तीन दिवसांत मी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं असतं तर कान परत आला असता का? डॉक्टरांना मी एकदा जाऊन विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. कधी येतो, कधी येत नाही." मला दिलासा द्यायला म्हणाले असतील. पण या उत्तरातून सुटका होत नाही. 'सांगता येत नाही' हे आयुष्यभर बरोबर राहतं.

त्यानंतर मी दुकानात एक नियम केला. सेठजींनी कुरकुर केली, मग तेही तसंच करायला लागले. जॉबकार्डावर तक्रार गिऱ्हाईकाच्या शब्दांत लिहायची. तो म्हणाला गाडी खोकलते, तर खोकलते लिहायचं. तो म्हणाला आरशात भूत दिसते, तर तेही लिहायचं. आपला शहाणपणा दुसऱ्या रकान्यात. आणि बॅलन्सला हात लावायच्या आधी माणसाला एकदा सीटवर उलटं बसवायचं. लोक हसतात. हसू दे. उलटं बसवल्यावर दोष माणसाबरोबर फिरला, असं नंतरच्या वर्षांत आणखी दोनदा झालं. त्या दोघांना मी त्याच दिवशी पाठवलं.

धानाची मळणी आटोपल्यावर, थंडीत, बेडकी पुन्हा दारात आली.

"बाई," काकाजी म्हणाले. तोपर्यंत तो शब्द मला नीट ऐकू यायला लागला होता. "पेटी वाजवत नाही, पन आयकाची तं हाय. दोन्ही बाजूचं गानं एकाच बाजूनं येईल का?"

येतं. त्याला मोनो म्हणतात. दोन वायरी नुसत्या पिळून जोडल्या तर डेकचा आयसी, म्हणजे आतली चिप, जळतो, म्हणून डेक आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये छोटंसं सर्किट बसवावं लागतं. मी ते स्वतः बनवलं. दुपारपर्यंत पेटी आणि तबला दोन्ही उजव्या दारातून यायला लागले. काकाजी ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि त्यांनी अख्खं गाणं ऐकलं. मध्ये कुठेही हात वर केला नाही.

"डावा स्पीकर काढून टाकू का?" मी उजव्या खिडकीतून विचारलं. "आता त्याचं काही काम नाही."

"राहू दे. काकी बसते त्या बाजूले."

मी जॉबकार्ड घेतलं. उजवीकडचं काम लिहिलं. मग विचारलं, "डाव्यासमोर काय लिहू?"

त्यांनी डाव्या दाराकडे पाहिलं. नव्या स्पीकरच्या जाळीवर बसलेली धूळ हात लांब करून दुपट्ट्यानं पुसली.

"लिव, डावा चांगला हाय. त्याचं काही चुकलं नाही."

मी तसंच लिहिलं.